शंभर सीसीची रेघ

समजा, तुम्ही बेलव्ह्यूमध्ये राहता. शिक्षण संपून नोकरी लागली आहे, कार आहे, आणि यंदाच्या उन्हाळ्यात मोटारसायकल घ्यायचं डोक्यात आलंय. बजेट पाच-सहा हजार डॉलर. वॉशिंग्टन राज्यात लायसन्सवर मोटारसायकलची वेगळी नोंद लागते, तीही तुम्ही करून घेतली आहे. आता सगळे जे करतात तेच तुम्ही करता: दोन गाड्या निवडता आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडता.

डावीकडे ट्रायम्फ स्पीड 400. 398 सीसी, एक सिलिंडर, सहा गिअर, जवळपास 40 बीएचपी. 2024 मध्ये अमेरिकेत आली तेव्हा किंमत 4,995 डॉलर. उजवीकडे केटीएम 390 ड्यूक. तिचंही एकच सिलिंडर, सहाच गिअर, 399 सीसी, पण ताकद चार-पाच बीएचपींनी जास्त. किंमत सहा हजारांच्या आत. केटीएमला रंगीत स्क्रीन आहे, इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहेत, आणि ती वरच्या आरपीएमला खुलते. ट्रायम्फ खालच्या आरपीएमलाही निवांत ओढते, बसायला ऐसपैस आहे, आणि दिसायला जुन्या वळणाची. आय-90 वरून स्नोक्वाल्मी पासकडे निघालात तर इसाक्वाच्या पुढे वेगमर्यादा ताशी 70 मैल होते. दोन्ही गाड्या तो वेग आरामात धरतात. शेवटी उरतो तो स्वभावाचा प्रश्न: तुम्हाला धसमुसळी गाडी हवी की समजूतदार?

एक ब्रिटिश कंपनीची, दुसरी ऑस्ट्रियन कंपनीची. पण तुमच्या तक्त्यात एक ओळ बहुधा नसेल. या दोन्ही गाड्या बनतात चाकणला. पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर, बजाज ऑटोच्या कारखान्यांत. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवला तोच हा चाकणचा किल्ला, आणि त्यानंतर बरीच वर्षं गावाची ओळख म्हणजे कांद्याचा बाजार. आज तिथून निघालेल्या गाडीवर लेस्टरजवळच्या किंवा साल्झबर्गजवळच्या कंपनीचं नाव असतं आणि ती सिॲटलच्या पावसात भिजत उभी असते.

हा लेख त्या तक्त्याबद्दल आहे. ‘एकाच किमतीच्या दोन गाड्या’ ही कल्पना आपल्याला इतकी साधी वाटते की तिलाही इतिहास असेल असं मनात येत नाही. पण कुठल्या गाड्या एकाच रांगेत बसवायच्या, हे गिऱ्हाइकानं फार क्वचित ठरवलं आहे. बहुतेक वेळा ते आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं होतं.

तुलनेच्या आधी काय होतं, तर रांग होती. भारतात स्कूटर कुणाला, किती आणि कुठल्या क्रमानं मिळणार यासाठी 1960 मध्ये सरकारनं चक्क नियंत्रण आदेश काढला होता. बजाजनं इटलीच्या पियाज्जोशी करार करून 1961 मध्ये उत्पादन सुरू केलं, 1971 मध्ये तो करार संपला, आणि 1972 मध्ये ‘चेतक’ आली. कारखाना आकुर्डीचा. किती गाड्या बनवायच्या हे कंपनीच्या हातात नव्हतं, लायसन्सवर तेवढा आकडा लिहिलेला असायचा. परिणाम असा की काही काळ चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागायचं. बुकिंग मुलाच्या मुंजीत करायचं आणि गाडी त्याच्या कॉलेजात यायची. ज्याला थांबायचं नसेल तो ‘ऑन’ देऊन दुसऱ्याचा नंबर विकत घ्यायचा. ‘ऑन’ म्हणजे छापील किमतीवरची वरकमाई. हा शब्द तुमच्या आजोबांना लगेच कळेल.

रांग टाळायचा आणखी एक रस्ता होता आणि तो तुमच्याशी थेट संबंधित आहे: परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची. म्हणजे घरातलं कुणी अमेरिकेत किंवा आखातात असेल तर दारात स्कूटर आधी. त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी घरात ‘परदेशातला नातेवाईक’ या माणसाचं एक मूल्य असंही होतं. गाडीची किंमत सगळ्यांना सारखीच, पण काहींना ती दहा वर्षांनी मिळणार आणि काहींना दहा आठवड्यांनी. आता सांगा, या दोघांची गाडी ‘एकाच किमतीची’ म्हणायची का?

मोटारसायकलींचं चित्र थोडं वेगळं होतं, पण तुलना तिथेही नव्हती. मद्रासची बुलेट 350, मैसूरची जावा आणि नंतर तिचीच येझदी, फरिदाबादची राजदूत 175. बुलेट फौजदाराची, सैन्याची आणि बागायतदाराची. येझदी कॉलेजच्या पोरांची आणि त्यांच्या मेकॅनिकची. राजदूत मूळ पोलंडच्या गाडीवर बेतलेली, दणकट, आणि दुधाच्या कॅनांसाठी खास लायक. 1973 च्या ‘बॉबी’ सिनेमात तिची छोटी बहीण झळकली म्हणून तरुणांत तिला थोडी चमक आली, एवढंच. या तिघींची तुलना कुणी करत नसे, कारण तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या होत्या. गाडी कुठली घेणार यापेक्षा तुम्ही कोण आहात हा प्रश्न आधी सुटलेला असायचा.

मग आलं 1982. सरकारनं दुचाकी कंपन्यांना परदेशी सहकार्य घ्यायला परवानगी दिली, पण अट घालून: इंजिन 100 सीसीपर्यंतचं हवं. कारण समजण्यासारखं होतं. सत्तरच्या दशकातल्या दोन तेलसंकटांनी देशाचं परकीय चलन शोषून घेतलं होतं, त्यामुळे छोटं इंजिन म्हणजे कमी पेट्रोल, असा हिशोब. जपानी कंपन्या चार, भारतीय भागीदार चार. 1984 मध्ये होसूरहून इंड-सुझुकी एएक्स 100 आली. 1985 मध्ये हरियाणातल्या धारूहेड्याहून हिरो होंडा सीडी 100 आणि त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स 100. 1986 मध्ये बजाजची कावासाकी केबी 100.

बघा, या चारही गाड्या शंभर सीसीच्याच का? बाजारानं ते मागितलं होतं म्हणून नव्हे. दिल्लीतल्या एका धोरणात रेघ मारली गेली होती म्हणून. त्या रेघेच्या खाली चारही कंपन्या जितकं वर जाता येईल तितकं वर येऊन उभ्या राहिल्या: 97 सीसी, 98 सीसी, 99 सीसी. आणि भारतात पहिल्यांदाच एकाच खिशाला विचार करता येतील अशा, एकाच आकाराच्या चार मोटारसायकली एका वेळी दुकानात दिसल्या. आपल्या घरोघरी चालणारा ‘ही घ्यावी की ती’ हा वाद तिथून सुरू होतो.

हे फक्त भारतातच चाललं होतं असं समजू नका. नेमक्या त्याच सुमाराला, 1983 च्या एप्रिलमध्ये, अध्यक्ष रेगन यांनी 700 सीसीच्या वरच्या परदेशी मोटारसायकलींवर 45 टक्के जादा आयातकर लावला. हार्ले-डेव्हिडसन बुडायला आली होती, तिला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. जपानी कंपन्यांनी काय केलं? काही 750 सीसीची इंजिनं थोडी आखडून 700 च्या आत आणली. होंडाची ‘नाइटहॉक 700’ याच कारणानं जन्माला आली. त्या काळात अमेरिकेतला एखादा तरुण जपानी गाड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडत असेल तेव्हा त्यालाही ‘सातशेचा वर्ग’ हा नैसर्गिक वाटत असणार. ‘सायकल वर्ल्ड’सारखी मासिकं तिथे 1962 पासून होती, चाचण्या घेऊन गुणदोष छापत होती, तरी वर्गाची रेघ मात्र वॉशिंग्टन डीसीत मारली गेली होती. भांडवलशाही देश आणि लायसन्स राजचा देश, दोघांनी एकाच दशकात सीसीचा आकडा हातात घेऊन रेघ मारली, फक्त एकानं खालून आणि एकानं वरून. मला हे फार गमतीचं वाटतं.

आता परत आपल्या चार गाड्यांकडे. यातली खरी लढत दोघींची होती: सीडी 100 आणि आरएक्स 100. ती लढत समजायची तर इंजिनाबद्दल दोन मिनिटं बोलावं लागेल.

आरएक्स होती टू-स्ट्रोक. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, की लगेच एक स्फोट. सीडी होती फोर-स्ट्रोक. तिच्यात पिस्टनच्या दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. म्हणून इंजिन तेवढंच असलं तरी टू-स्ट्रोक जास्त ताकद काढते: आरएक्सचे 11 बीएचपी, तर सीडीचे सातच्या आसपास. गाडी हलकी, शंभर किलोच्या जवळपास, त्यामुळे तिचा पिकअप असा की क्लच बेतानं सोडला नाही तर पुढचं चाक हवेत. पण टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल आत येतं तेव्हाच जळलेला धूर बाहेर पडत असतो, आणि त्या गडबडीत थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. शिवाय इंजिनाला लागणारं ऑइलही पेट्रोलबरोबरच जळतं. मागे दिसणारा निळसर धूर तो त्याचा.

सीडी 100 या सगळ्याच्या उलट. तिची जाहिरात होती ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. कंपनी लिटरला 80 किलोमीटर सांगायची. प्रत्यक्षात रस्त्यावर त्याहून कमी मिळायचे, तरी साठ-पासष्ट कुठे गेले नाहीत. आरएक्सवाल्याला चाळीस-पंचेचाळीस मिळाले तर तो खूश.

या आकड्यांचा घरात अर्थ काय व्हायचा? धरा, चिंचवडहून पुण्यात नोकरीला जाणारा माणूस, जाऊन-येऊन रोज 30 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस. म्हणजे 780 किलोमीटर. सीडीला बारा लिटर पेट्रोल, आरएक्सला साडेएकोणीस. महिन्याला साडेसात लिटरचा फरक. पगार बेताचा, घरी आई-वडील, बहिणीचं लग्न व्हायचंय. अशा माणसाला तुम्ही अकरा बीएचपीचं कौतुक सांगून बघा. सीडी 100 जिंकली ती गाडी चांगली होती म्हणून, यात वाद नाहीच. पण तक्त्यातला कुठला रकाना आधी वाचायचा हे त्या घराच्या महिन्याच्या जमाखर्चानं ठरवलं होतं. आपल्याकडे आजही गाडी बघायला आलेला पहिला माणूस विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ लोक याला कंजूषपणा म्हणून हसतात. मी नाही हसत. तो प्रश्न एका पिढीनं महिनाअखेरीला, टाकी रिझर्व्हवर आल्यावर, गाडी आडवी करून उरलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलताना शिकलेला आहे.

आणि हो, हीच सीडी 100 आज तुम्ही आय-90 वर नेलीत तर काय होईल? पूर्ण ॲक्सिलरेटर पिळून ती ताशी 80-85 किलोमीटर जाईल, म्हणजे पन्नास-बावन्न मैल, आणि मागचा ट्रक तुम्हाला आडवा-तिडवा हॉर्न देईल. गाडी तीच, पण तक्ता तिला नापास करेल. कुठल्याही गाडीची ‘कामगिरी’ रस्त्याला धरून असते. पुण्याच्या लक्ष्मी रोडला संध्याकाळी सहा वाजता 390 ड्यूकच्या 44 बीएचपींचं काय लोणचं घालायचं, असंही विचारता येईल. (आणि पुण्यातली फटीतून गाडी काढायची सवय इकडे विसरा. वॉशिंग्टन राज्यात दोन लेनच्या मधून मोटारसायकल नेणं बेकायदा आहे.)

तेव्हाच्या मराठी घरात गाड्यांची तुलना कोण करायचं? ‘ओव्हरड्राइव्ह’ 1998 मध्ये आलं, ‘ऑटोकार इंडिया’ 1999 मध्ये. त्याआधी बहुतेकांसाठी मासिक म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. तो सांगायचा कुठल्या गाडीचे पार्ट मिळतात, कुठलीला बोअरिंग लवकर लागतं, आणि तीन वर्षांनी विकली तर किती येतील. हा तिसरा मुद्दा आजच्या तक्त्यांत अगदी शेवटी येतो, तेव्हा तो पहिल्या तीनांत होता. कारण गाडी हे वाहन होतंच, पण गरज पडली तर मोडायचा दागिनाही होता.

एक रकाना मात्र कुणी कागदावर लिहीत नसे. लग्नाच्या बोलणीत गाडी मागितली जायची. हुंड्यावर कायद्यानं 1961 पासून बंदी आहे, तरी स्कूटर आणि नंतर मोटारसायकल ही मागणी होतच राहिली. म्हणजे ॲव्हरेज आणि पिकअपची चर्चा मुलाच्या घरी, आणि पैसे मुलीच्या बापाचे. स्वतः मुलगी या चर्चेत कुठेच नव्हती. ती आपल्या पैशांनी गाडी घ्यायला लागली तेव्हा आधी फिरोदियांच्या लूनाकडे वळली आणि नंतर बटणानं सुरू होणाऱ्या, गिअर नसलेल्या कायनेटिक होंडाकडे. तिथे बीएचपीची भाषाच नव्हती. किक मारावी लागते का, साडीवर बसता येतं का, गाडी स्टँडवर लावायला किती जोर लागतो, हे प्रश्न होते. मला विचाराल तर हे प्रश्न बीएचपीपेक्षा जास्त नेमके होते. मोटारसायकलींच्या तक्त्यात त्यांना जागा नव्हती, इतकंच.

आरएक्सचं पुढे काय झालं? प्रदूषणाचे नियम आले, 1996 मध्ये एकदा आणि 2000 मध्ये आणखी कडक. न जळलेलं पेट्रोल हवेत सोडणारं इंजिन त्यात बसेना. आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्येच थांबलं. पुन्हा एक रेघ, या वेळी धुराची. आज महाराष्ट्रात जपून ठेवलेली आरएक्स लोक मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन विकत घेतात, आणि ते आकड्यांसाठी नव्हे, त्या कडक, सुक्या आवाजासाठी. पॉडकास्टमध्ये तो ऐकवता येतो, लेखात नाही. घरी फोन कराल तेव्हा मामाला किंवा काकाला नक्कल करायला सांगा. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ती येते.

बजाजची गोष्ट या सगळ्यात थोडी अवघड होती. स्कूटरचा राजा, पण मोटारसायकलीत मागे. 1991 मध्ये त्यांनी फोर-स्ट्रोक ‘4एस चॅम्पियन’ आणली, तरी हिरो होंडाला धक्का बसला नाही. स्कूटर मात्र नव्वदीत झपाट्यानं उतरायला लागली. मग 1999 मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली, 156 सीसीची, पुढे डिस्क ब्रेक असलेली, आणि लक्षात आलं की ॲव्हरेजचा रकाना दुसऱ्या नंबरवर टाकणारं गिऱ्हाईक आता तयार झालंय. आयटी, कॉल सेंटर, पहिल्याच पगारात हप्त्यावर गाडी. बजाजनं नोव्हेंबर 2001 मध्ये पल्सर आणली: 150 आणि 180 सीसी, बारा आणि पंधरा बीएचपी. ती बनली चाकणच्या नव्या कारखान्यात.

पल्सरची जाहिरात होती ‘डेफिनेटली मेल’. आज ते वाचताना कसंतरी होतं, आणि व्हायलाच हवं. ज्या चाकणमध्ये पल्सर बनत होती त्याच चाकणमध्ये 2016 मध्ये बजाजची डॉमिनार 400 महिला कामगारांच्या लाइनवर जुळवली गेली, तेव्हा त्या जाहिरातीला कारखान्यानंच उत्तर दिलं असं म्हणायला हरकत नाही.

2007 हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगं. त्या वर्षी बजाजनं आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन बंद केलं, म्हणजे चेतकचं घर थंडावलं. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. लहान ड्यूक गाड्या दोघांनी मिळून आखायच्या आणि चाकणला बनवून जगभर पाठवायच्या, असं ठरलं. 2012 च्या सुरुवातीला भारतात 200 ड्यूक आली. जून 2013 मध्ये 390 ड्यूक आली आणि सगळ्यांनी तोंडात बोट घातलं. 43 बीएचपीची गाडी, दिल्लीत शोरूमची किंमत 1 लाख 80 हजार. 2015 मध्ये ती अमेरिकेत पोचली, 4,999 डॉलरला. इथल्या समीक्षकांनीही एकच प्रश्न विचारला: एवढ्या पैशात एवढी गाडी कशी परवडते?

उत्तराचा एक भाग अभियांत्रिकीचा आहे, एक भाग चाकणभोवती उभ्या राहिलेल्या सुट्या भागांच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांचा. ते खरंच कौतुकाचं आहे. पण उत्तराचा आणखी एक भाग आहे. 390 ड्यूक भारतात आली त्याच महिन्यात, जून 2013 मध्ये, चाकणच्या बजाज कारखान्यातले कामगार संपावर गेले. संप सुमारे पन्नास दिवस चालला. पगारवाढ वगैरे मागण्या होत्याच, पण त्यातली एक मागणी भारताच्या कामगार चळवळीत सहसा ऐकू न येणारी होती. प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर एक रुपया दरानं द्यावेत. बाजारात एका शेअरचा भाव तेव्हा दीड हजारांच्या वर होता. कंपनीनं ते साफ नाकारलं. ऑगस्टच्या मध्यावर शेअर न मिळताच संप मागे घेतला गेला.

या मागणीला तेव्हा बरीच मंडळी हसली. मला वाटतं ती जरा विचार करण्यासारखी होती. कामगार काही वेगळं म्हणत नव्हते: आम्ही बनवलेली गाडी जगाच्या तक्त्यात ‘याच किमतीत सगळ्यात जास्त’ म्हणून पहिली येते आहे, तर त्या ‘जास्त’मधला काही वाटा आमच्याकडेही यावा. ती मागणी व्यवहारात बसणारी होती की नाही यावर वाद घाला, जरूर घाला. कंपनीची बाजूही होती: शेअर ही पगाराची बाब नाही, आणि चाकणमध्ये कामगारांना आजूबाजूच्या मानानं बरा पगार मिळतो असं कंपनी सांगायची. पण बेलव्ह्यूत बसून ‘4,999 डॉलरला काय मस्त डील आहे’ म्हणताना त्या आकड्याच्या आतला हा वाद ठाऊक असावा. तक्त्यात किमतीचा रकाना सगळ्यात कोरडा दिसतो, एक साधा आकडा. आणि सगळ्यात जास्त भांडणं त्यातच दडलेली असतात.

पुढची पावलं भरभर पडली. 2017 मध्ये बजाज आणि ट्रायम्फनं भागीदारी जाहीर केली, 2023 च्या उन्हाळ्यात स्पीड 400 आली. केटीएम 2024 च्या शेवटी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, बजाजनं पैसे ओतून तिला वर काढलं, आणि 2025 मध्ये कंपनीचं नियंत्रणच पुण्याकडे आलं. एकेकाळी पियाज्जोच्या परवान्यावर स्कूटर जुळवणारी कंपनी आता एका युरोपीय ब्रँडची मालक.

रेघा मारणं मात्र थांबलेलं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून भारतात 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी 18 टक्के आहे आणि त्याच्या वर 40 टक्के. रॉयल एनफिल्डची हंटर 350 आहे 349 सीसीची. रेघेच्या एक सीसी आत. स्पीड 400 आणि 390 ड्यूक साधारण पन्नास सीसी बाहेर. पुण्यातल्या शोरूममध्ये या एका आकड्यानं तिघींमधलं अंतर ताणलं गेलं.

तुमच्याकडे बेलव्ह्यूत विक्रीकर सगळ्यांना सारखा, दहा टक्क्यांच्या थोडा वर, सीसी कितीही असो. त्यामुळे चेन्नईची हंटर आणि चाकणच्या दोघी तिथे एकाच ओळीत उभ्या असतात, हंटर चार हजारांच्या आसपास, वीस बीएचपी, आणि ताशी 70 मैलांना तिला चांगलाच दम लागतो. 405 आणि आय-90 वर रोज जायचं असेल तर तिचा विचार सोडा. फक्त लेकच्या कडेनं, कर्कलंडपर्यंत, रविवारी सकाळी फिरायचं असेल तर तीच घ्या. चाकणच्या दोघींपैकी एक निवडायची तर मी स्पीड 400 घेईन. पावसाळी गावात वरच्या आरपीएमची मजा वर्षातून तीन-चार महिनेच मिळते, आणि उरलेले महिने समजूतदार गाडीच बरी.